बांधापलीकडची ठेव

*प्रिय ताई,*

*प्रभूमध्ये सलाम. मी मूळचा नगर जिल्ह्यातला. गेली १६ वर्षं पिंपरी-चिंचवडमध्ये एका कारखान्यात क्वालिटी विभागात सुपरवायझर आहे. बायको स्टाफ नर्स आहे, मुलगी यंदा दहावीला. फ्लॅटचे हप्ते अजून ११ वर्षं चालतील. आई गावी धाकट्या भावाकडे असते.*

*तीन महिन्यांपूर्वी आमच्या मंडळीत येशूनं सांगितलेल्या, शेतात लपवलेल्या ठेवीच्या दाखल्यावर, म्हणजे दृष्टांतावर, उपदेश झाला. "त्या माणसानं सर्वस्व विकलं, तुम्ही काय विकलंत?" असं पाळकसाहेबांनी तीनदा विचारलं. तेव्हापासून मला धड झोप नाही. राजीनामा द्यावा, सेमिनरीत, म्हणजे पाळकांच्या शिक्षणसंस्थेत, जावं, पूर्णवेळ सेवा करावी असं सारखं वाटतं. बायको म्हणते, पोरीची दहावी होऊ द्या, मग बोलू. येशूसमोरून खिन्न होऊन निघून गेलेला तो श्रीमंत तरुण मीच आहे, असं मला वाटू लागलंय. पूर्वी उपासनेत गाताना डोळे भरून यायचे. आता गाताना नुसता हिशेब डोक्यात चालतो.*

*आईचा आशीर्वाद घ्यावा म्हटलं तर तेही अवघड आहे. भावाशी चार वर्षं बोलणं बंद आहे. बांधाचा वाद, कोर्टात तारखा चालू. नाताळात बायको आणि मुलगी गावी जाऊन आल्या, मी गेलो नाही. भावाला मधे मुलगा झाला, तो मी अजून पाहिलेला नाही. पण तो विषय वेगळा.*

*एक शंकाही आहे. त्या माणसानं ठेव पुन्हा लपवली आणि मालकाला न सांगता शेत घेतलं. हे प्रामाणिकपणात बसतं का?*

*मी काय करू?*

*– एक वाचक*

प्रिय भाऊ,

सलाम. तुमचं पत्र चार दिवस माझ्या टेबलावर आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा उत्तर सोपं वाटलं होतं. तिसऱ्यांदा वाचताना मी एका वाक्यापाशी अडकले. त्या वाक्याकडे मी येईनच, पण आधी दाखला.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १३व्या अध्यायात हा दाखला एका वचनात संपतो, ४४व्या. बायबल घ्या आणि त्यातल्या क्रियापदांवर बोट ठेवत वाचा. त्याला ठेव सापडली. ती त्यानं लपवली. मग आनंदाच्या भरात तो गेला आणि त्यानं सर्वस्व विकलं. विक्री शेवटाकडे आहे, आणि विक्रीच्या आधी आनंद आहे. मूळ ग्रीकमध्येही तसंच आहे, "त्याच्या आनंदातून" तो जातो आणि विकतो. विकल्याबद्दल बक्षीस म्हणून आनंद मिळाला, असं येशू म्हणत नाही. तुम्हाला जो प्रश्न तीनदा ऐकू आला, तो वचनाच्या शेवटून सुरू होतो. शेवटून सुरू केलं की हातात नुसती किंमत येते आणि वस्तू दिसतच नाही. मग माणूस रात्रभर छताकडे बघत हिशेब करत बसतो. तुमचा आनंद कुठे गेला असं तुमचं पत्र विचारतं, त्याचं अर्धं उत्तर मला इथेच दिसतं.

त्या शेताची कल्पना करा. येशूच्या काळात सामान्य माणसाला पैसा ठेवायला तिजोरी नव्हती. लढाई आली, लूट आली की लोक नाणी-दागिने मडक्यात घालून जमिनीत पुरत. पुरणारा मेला की जागा कोणाला ठाऊक नसे. मृत समुद्राजवळ कुमरान इथल्या गुहेत १९५२ साली तांब्याच्या पत्र्यावर कोरलेली एक गुंडाळी सापडली. तिच्यात साठाहून जास्त ठिकाणं लिहिलेली आहेत, कुठल्या विहिरीत, कुठल्या थडग्याखाली किती सोनं-चांदी पुरलंय त्याची. येशूच्या श्रोत्यांना ही गोष्ट ऐकताना जे वाटलं असेल, ते आपल्याकडच्या माणसालाही सहज कळतं. आपल्या प्रत्येक गावात कुठल्या तरी पडक्या वाड्यातल्या हंड्याची कथा आहेच.

तर हा माणूस दुसऱ्याच्या शेतात आहे, बहुधा मजूर. फाळ कशावर तरी अडकतो. तो माती बाजूला करतो, बघतो, आणि पुन्हा माती सारून घरी येतो. मग बैल विकतो, भांडी विकतो, अंथरूण-पांघरूण विकतो. शेजारी म्हणत असतील, याचं डोकं फिरलं. पण त्याचा चेहरा आठवून बघा. बैलाचा कासरा दुसऱ्याच्या हातात देताना त्याला रडू येत नाही. त्यानं मोठा त्याग केला असं त्या गोष्टीत कोणी म्हणत नाही, तो स्वतः तर नाहीच नाही. आपल्याला काय मिळतंय हे त्याला माहीत आहे.

लगेच पुढे मोत्याच्या व्यापाऱ्याचा दाखला येतो. तेव्हा मोती इराणच्या आखातातून आणि आपल्या दक्षिणेकडच्या समुद्रातून जात, आणि त्यांचं मोल रोमन जगात आकाशाला भिडलेलं होतं. हा माणूस मजुरासारखा नकळत ठेचकाळलेला नाही. त्याचा सारा जन्म मोती पारखण्यात गेलेला. चांगले मोती त्यानं शेकड्यांनी हाताळले असतील. म्हणूनच त्याला कळतं की हा एक त्या सगळ्यांहून वेगळा आहे. तो सगळे चांगले मोती विकतो आणि हा घेतो. व्यापाराच्या दृष्टीनं बघाल तर तो बुडाला, दुकानात विकायला काही उरलं नाही. पण आता त्याला काही विकायचंच नाही.

भाऊ, तुम्ही मला त्या मजुराच्या जातीचे वाटता. ख्रिस्ती घरात वाढलात, लहानपणापासून त्याच शेतात चालत आहात. शब्बाथशाळा, नाताळची नाटकं, लेंटमधल्या प्रार्थना. रोज तुडवलेल्या मातीखाली काय आहे, ते आपण उकरून बघितलं का, हा प्रश्न तुमच्या पाळकांनी विचारला असता तर बरं झालं असतं.

आणि आहे तरी काय त्या मातीखाली? देवाचं राज्य, असं येशू म्हणतो. "देवाचं राज्य" म्हटलं की आपल्याला चर्चचं काम आठवतं, सेवा, मिशन, सभा. येशू त्याहून फार मोठं काही सांगत होता. देव राजा आहे आणि तो बाप आहे. त्याच्या राज्यात हरवलेला मुलगा घरी येतो तेव्हा बाप धावत सामोरा जातो. तिथे कर्जदाराचं कर्ज सोडलं जातं, शेवटच्या तासाला आलेल्या मजुरालाही पूर्ण दिवसाची मजुरी मिळते. आणि या राज्याचा राजा स्वतः वधस्तंभावर गेला. हे ज्याला खरोखर दिसलं, त्याच्या हातातल्या बाकीच्या गोष्टी आपोआप हलक्या होतात. काही भाष्यकार तर दाखला उलटा वाचतात, व्यापारी म्हणजे ख्रिस्त आणि मोती म्हणजे आपण. संदर्भ पाहता मला पहिलाच अर्थ बरोबर वाटतो. पण त्यांचं म्हणणं खोटं नाही. धनवान असून तो आपल्यासाठी दरिद्री झाला, असं पौलानं करिंथकरांना लिहिलंच आहे.

पौलाचं नाव निघालं तर फिलिप्पैकरांस पत्राचा तिसरा अध्याय या रविवारी सावकाश वाचा. हिशेब तुम्हीही करता आणि त्यानंही केला, तुरुंगात बसून. आधी तो जमेची यादी मांडतो. इस्राएल वंशातला, बन्यामीन कुळातला, परुशी, नियमशास्त्राच्या बाबतीत निर्दोष. यात एकही गोष्ट वाईट नाही. तुमची १६ वर्षांची नोकरी, बायकोची नर्सिंग, मुलीची दहावी, या यादीतही वाईट काही नाही. मग तो म्हणतो, जे मला लाभाचं होतं ते ख्रिस्ताला ओळखण्याच्या श्रेष्ठ मोलापुढे हानीचं, केरकचरा. दिवा विझवावा लागला नाही, सूर्य उगवल्यावर तो दिसेनासा झाला. तुमच्या हिशेबात मला नावेबाजू सगळी दिसते. हप्ते, फी, राजीनामा. जमेच्या बाजूला ख्रिस्ताचं नावही नाही. ते पान कोरं ठेवून कुठलाही हिशेब तोट्याचाच निघेल.

त्या श्रीमंत तरुणाशी तुम्ही स्वतःला जोडलंत, त्याबद्दल थोडं. मार्क सांगतो की येशूनं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्यावर प्रीती केली, आणि मग "जा, विक" म्हटलं. तरुणाला "विक" एवढंच ऐकू आलं. "माझ्यामागे ये" हे ज्यानं म्हटलं तो समोर उभा होता, पण त्याला तो दिसला नाही. म्हणून तो खिन्न झाला. तसं सगळ्यांनाच येशूनं तेच सांगितलं असंही नाही. पेत्राला जाळं सोडायला लागलं. जक्कयानं अर्धी मालमत्ता गरिबांना दिली आणि फसवून घेतलेलं चौपट परत करायला निघाला, तर येशू म्हणाला, आज या घराला तारण मिळालं. गरसेकरांच्या प्रांतातल्या भूतग्रस्त माणसाला बरं झाल्यावर येशूबरोबर नावेत यायचं होतं. तो अक्षरशः विनवत होता. येशूनं त्याला नाही म्हटलं आणि सांगितलं, घरी आपल्या लोकांकडे जा. ही पूर्णवेळ सेवाच होती, फक्त तिचा पत्ता त्याचं स्वतःचं घर होता. पौल तर करिंथमध्ये तंबू शिवून पोट भरत होता आणि राज्याची सुवार्ताही सांगत होता.

त्यामुळे नोकरी सोडणं म्हणजेच सर्वस्व विकणं, हे मला मान्य नाही. कारखान्यात माल तपासताना खोट्या शेऱ्यावर सही न करणारा सुपरवायझर राज्याचा माणूस आहे. तुम्हाला सेवेचं पाचारण नाहीच, असंही मी म्हणत नाही. असेल. पण पाचारण एकट्याच्या निद्रानाशात ठरत नाही. प्रेषितांच्या कृत्यांत पवित्र आत्मा शौल (म्हणजेच पौल) आणि त्याचा सोबती बर्णबा यांच्याविषयी बोलतो तो अंत्युखियाच्या मंडळीशी, आणि मंडळी उपास-प्रार्थना करून त्यांच्यावर हात ठेवते. तुमच्या मंडळीतल्या वडीलजनांशी बोला. आणि त्याआधी बायकोशी.

इथे मला आपल्याच नगरच्या एका घराची आठवण होते. कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या त्या पावलाची केवढी किंमत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी चुकवली, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. वर्षानुवर्षं नवऱ्यापासून दूर, माहेरच्या माणसांच्या आधारानं, रडून रडून काढलेले दिवस. पुढे त्याही ख्रिस्ताकडे आल्या, पण स्वतःच्या डोळ्यांनी पाहून, स्वतःच्या वेळेला. टिळकांना मी फार मानते. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला "देवाचा दरबार" सुरू केला, तेव्हा मिशनमध्ये काम करून त्यांना वीसेक वर्षं झाली होती आणि आयुष्याची दोनच वर्षं उरली होती. तरीही त्यांच्या गोष्टीतून मी एक शिकले. ठेव तुम्हाला दिसली म्हणून घरातली भांडी परस्पर बाजारात न्यायची नाहीत. भांडी दोघांची आहेत. तुमच्या बायकोचं "दहावी होऊ द्या" हे वाक्य मला नकार वाटत नाही. "मग बोलू" असंही ती म्हणते आहे.

तुमची प्रामाणिकपणाची शंका चांगली आहे. येशूनं अन्यायी न्यायाधीशाचा दाखला प्रार्थनेसाठी दिला, लबाड कारभाऱ्याचा दिला, स्वतःच्या येण्याला तर रात्रीच्या चोराची उपमा दिली. दाखल्यातल्या माणसाच्या प्रत्येक वागण्यावर तो शिक्का मारत नाही. बोट एकाच गोष्टीकडे असतं, इथे ते मोलाकडे आहे. एवढं मात्र खरं की त्या माणसानं हंडा उचलून पळ काढला नाही, शेताची किंमत मोजली.

आता ते वाक्य. "पण तो विषय वेगळा."

नाही भाऊ, तो विषय वेगळा नाही. माझ्या मते तुमच्या पत्राचा विषयच तो आहे. झोप कशानं उडाली ते तुम्ही सविस्तर लिहिलंत आणि चार वर्षांचा अबोला तीन ओळींत उरकलात. आईला भेटायचं नाही, पुतण्याला बघायचं नाही, आणि तरी देवाला नोकरी द्यायला निघालात. यात दांभिकपणा आहे असं मला वाटत नाही. आपण सगळेच असे आहोत. देव जे मागत नाही ते मोठं दान घेऊन आपण त्याच्या दारात जातो, कारण तो जे मागतोय ते त्याहून जास्त दुखतं. येशू म्हणतो, वेदीजवळ दान आणलंस आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन दान अर्पण कर. तुमचा राजीनामा हे ते दान आहे. ते वेदीजवळ ठेवा. कोणी चोरून नेणार नाही.

लूकच्या १२व्या अध्यायात एक माणूस गर्दीतून ओरडतो, गुरुजी, माझ्या भावाला वतनाचा वाटा द्यायला सांगा. येशू वाटणी करायला बसत नाही. तो कोठारं मोठी करणाऱ्या धनवानाची गोष्ट सांगतो, आणि त्याच अध्यायात पुढे शिष्यांना म्हणतो, भिऊ नका, तुम्हाला राज्य द्यावं हे तुमच्या पित्याला बरं वाटलं आहे. ज्याला राज्य मिळालंय त्याची मूठ बांधावर किती आवळलेली असावी? अब्राहाम आणि त्याचा पुतण्या लोट यांच्या गुराख्यांत भांडण लागलं तेव्हा अब्राहाम वडीलधारा होता, आधी निवडायचा मान त्याचा होता. तो म्हणाला, तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जाईन. लोटानं यार्देनेचं पाणथळ खोरं उचललं. अब्राहामाला ते परवडलं, कारण देवानं त्याला दिलेलं वचन त्या खोऱ्याहून मोठं होतं.

मी हे खुर्चीत बसून सांगत नाही. माझे वडील आणि थोरले चुलते एका विहिरीच्या पाळीवरून ९ वर्षं बोलले नाहीत. एकाच चर्चमध्ये, एक पुढच्या बाकावर, एक मागच्या, आणि दोघंही प्रभुभोजन घ्यायचे. लहानपणी मला वाटायचं, मोठ्यांचं असंच असतं. चुलते वारले तेव्हा वडील कबरस्तानात सगळे गेल्यावरही उभे राहिले. ती विहीर त्याच्या दोन वर्षं आधीच आटली होती.

हक्क सोडून द्या असं मी म्हणत नाही. भावानं खरंच बांध कोरला असेल तर तेही अन्यायच आहे, आणि देवाच्या राज्यात अन्यायाला न्याय म्हणत नाहीत. सरकारी मोजणी दोघांच्या संमतीनं करून घ्या, खुणा रोवा. वकिलाला विचारून प्रकरण लोक अदालतीत ठेवा. तिथे तडजोड झाली की निकाल अंतिम असतो, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फीही परत मिळते. मोजणीत हातभर जमीन त्याच्याकडे गेली तर जाऊ द्या. त्या हातभर जमिनीची आणि ख्रिस्ताची तुलना करून बघा, मग त्या मजुराला बैल विकताना रडू का आलं नाही ते तुम्हाला कळेल. आणि भाऊ दारातून परतवेल, अपमान करेल, तर तेवढं सोसून पुन्हा जा. समेट दोघांच्या हातात असतो, जाणं तुमच्या एकट्याच्या हातात आहे.

शिवाय आई. परुशी म्हणत, हे देवाला वाहिलंय, "कुर्बान", त्यामुळे आईबापांना देता येत नाही. येशूला त्याचा संताप आला होता, मार्कच्या ७व्या अध्यायात आहे. देवाच्या नावानं घेतलेला निर्णय आईकडे जायच्या वाटेवर आडवा येत असेल, तर तो निर्णय पुन्हा तपासायला हवा.

दर रविवारी तुम्ही म्हणता, तुझं राज्य येवो. आणि त्याच प्रार्थनेत, आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडलं आहे तशी तू आमची ऋणं सोड. फ्लॅटच्या ऋणाला ११ वर्षं लागतील. हे दुसरं एका दिवसात सुटू शकतं.

राजीनामा मार्चपर्यंत लिहू नका. येत्या सुट्टीला गावी जा, बायको आणि मुलीला घेऊन. निघण्याआधी कोणाच्या तरी फोनवरून आईला कळवा म्हणजे ती धास्तावणार नाही. कोर्टाचे कागद घरी ठेवा. बांधाचा विषय पहिल्या दिवशी काढू नका, भावानं काढला तर ऐकून घ्या. माफी मागण्यासारखं तुमच्याकडून जे घडलं असेल, तेवढ्याचीच माफी मागा, जास्तीचं काही बोलू नका. भावजय भाकरी वाढेल, ती खाऊन घ्या, भूक असो वा नसो. आणि तुमच्या पुतण्यासाठी काही तरी न्या. तो तुम्हाला ओळखणार नाही, कदाचित रडेल, आईच्या पदराआड जाईल. घाई करू नका. ओट्यावर बसून राहा, तो स्वतःहून येईपर्यंत.

तुमची,
ताई